टोक सारखं, करार वेगळा

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात, म्हणजे आपल्या बर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत, चार्जर मागितला की पूर्वी दुकानदार पहिल्यांदा विचारायचा, "कोणती पिन, भाऊ?" नोकियाची जाडी पिन, मग बारीक पिन, मग मायक्रो, आणि आयफोन असला तर त्याची आणखी निराळी. पिन जुळली की सौदा संपला. पाच व्होल्टच्या आसपास वीज मिळायची, रात्रभरात बॅटरी भरायची. आता पिनेचा प्रश्न जवळजवळ मिटला आहे. फोन, टॅबलेट, लॅपटॉप, इअरबड, ट्रिमर, टॉर्च, सगळ्यांना तेच लांबट गोल तोंड, टाइप-सी. तरीही तक्रारी थांबलेल्या नाहीत. केबल बसते पण चार्ज होत नाही. चार्ज होतं पण फार हळू. लॅपटॉप चार्ज होतो, पण त्याच केबलने टीव्हीवर चित्र येत नाही. पूर्वी न बसणारी केबल आपण बाजूला ठेवायचो. आता प्रत्येक केबल बसते, म्हणून दोष कुठे आहे ते बाहेरून कळत नाही.

टाइप-सी हे फक्त टोकाच्या आणि तोंडाच्या आकाराचं नाव आहे. त्यातून वीज किती जाईल, डेटा किती वेगाने जाईल आणि चित्र जाईल की नाही, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं गृहीत धरता येत नाही. एवढं लक्षात ठेवलं तर बर्डीत केबल घेताना निम्मे पैसे तरी वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ चं. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून ते आणलं. इंटेलमध्ये या कामाच्या आघाडीवर असलेले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्या काळच्या रचनेत एक टोक संगणकाचं आणि दुसरं उपकरणाचं, अशी कायमची विभागणी होती. वीज कुणी द्यायची आणि कुणी घ्यायची, हे टोकाच्या आकारावरूनच ठरायचं, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपसांत काही विचारावं लागत नव्हतं. ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सीचं मानक प्रसिद्ध झालं आणि ही विभागणी गेली. दोन्ही टोकं सारखी, वरखाली कशीही लावा, आणि देणारा-घेणारा कोण ते जोडल्यावर ठरवा. हे ठरवण्याचं काम एका बारीक पिनेवर सोपवलेलं आहे, आणि टाइप-सीतल्या बहुतेक भानगडी त्या पिनेपाशी येऊन थांबतात.

फोनच्या तोंडाचं माप साधारण ८.३४ बाय २.५६ मिलिमीटर. आत मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १२, असे २४ संपर्क, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर. त्यातले चार विजेचे, चार ग्राउंडचे (वीज परत जाण्याची वाट), चार जुन्या पद्धतीच्या डेटाचे, आठ वेगवान डेटाचे, दोन साइडबँड नावाचे जादा कामाचे आणि दोन सीसीचे. सीसी म्हणजे कॉन्फिगरेशन चॅनल. ही मांडणी अशी फिरवून केलेली आहे की टोक उलटं लावलं तरी वीज विजेवर आणि ग्राउंड ग्राउंडवरच पडतं. सीसीच्या दोन पिनांपैकी केबलमधून मात्र एकच तार पलीकडे जाते. ती कोणत्या पिनेवर लागली यावरून टोक सुलटं आहे की उलटं, ते यंत्राला समजतं.

आता सीसीवर नेमकं काय घडतं ते पाहू. चार्जर आपल्या सीसी पिनेला रेझिस्टरमार्फत (विजेच्या वाटेतला ठरावीक अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) जास्त व्होल्टेजकडे वर खेचून ठेवतो, आणि फोन आपल्या सीसी पिनेला ५.१ किलो-ओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडकडे ओढतो. केबल लागली की दोघांच्या ओढाताणीतून त्या तारेवर एक ठरावीक व्होल्टेज तयार होतं. चार्जर ते मोजतो. ५.१ किलो-ओहम दिसलं म्हणजे पलीकडे वीज मागणारं कुणीतरी आहे, अशी त्याची खात्री पटते आणि मगच तो मुख्य तारेवर ५ व्होल्ट सोडतो. तोपर्यंत टाइप-सी चार्जरचं तोंड कोरडं असतं. जुन्या चपट्या यूएसबी-ए चार्जरच्या तोंडाशी मात्र ५ व्होल्ट कायम हजर असतात, कुणी मागितले असोत वा नसोत. उलट दिशेने फोनही तेच व्होल्टेज वाचतो आणि चार्जरची ऐपत ओळखतो: सुमारे ०.४ व्होल्ट दिसलं तर साधी यूएसबी, ०.९ च्या आसपास असेल तर दीड अँपिअर, १.७ च्या आसपास असेल तर तीन अँपिअर घ्यायला हरकत नाही. यात अंकी संदेश नाहीत, सॉफ्टवेअर नाही. दोन रेझिस्टरांवर एवढा व्यवहार बेतणारी ही रचना मला अतिशय देखणी वाटते.

आणि याच रेझिस्टरांवर पैसे वाचवले जातात. शंभर-दोनशे रुपयांचा ट्रिमर, टॉर्च किंवा ब्लूटूथ स्पीकर घेतला, त्याला तोंड टाइप-सीचं आहे, सोबत आलेल्या ए-टू-सी केबलने तो व्यवस्थित चार्ज होतो. पण फोनच्या नव्या चार्जरला सी-टू-सी केबलने जोडला की लाइटच लागत नाही. लोक म्हणतात चार्जर खराब, नाहीतर केबल खराब. दोन्ही ठीक असतात. बनवणाऱ्याने जुनं मायक्रो-यूएसबीचं तोंड काढून त्या जागी सीचं तोंड बसवलेलं असतं आणि सीसीचे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर वगळलेले असतात. चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच समजत नाही, म्हणून तो वीज सोडत नाही. ए-टू-सी केबलवर काम चालतं, कारण तिथे वीज आधीपासून हजर असते. उपाय दोनच. एक, ती वस्तू कायम ए-टू-सी केबलवर चालवायची. दुसरा उपाय सोल्डरिंग येणाऱ्यासाठी: दोन्ही सीसी पिनांवरून ग्राउंडला एकेक ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर लावायचा. रेझिस्टरची किंमत पैशांत मोजण्याइतकी, पण काही स्वस्त तोंडांत सीसीच्या पिनाच बाहेर काढलेल्या नसतात. अशा वेळी आधी तोंडच बदलावं लागतं.

दोन्ही पिनांना दोन वेगळे रेझिस्टर हवेत, एकात भागवता येत नाही. ही चूक मोठ्यांकडूनही झालेली आहे. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या एका बोर्डावर मावणाऱ्या छोट्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांवर दोन्ही सीसी पिना जोडून एकच रेझिस्टर दिला होता. साध्या केबलवर तो बोर्ड चालायचा. पण ज्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते, तिच्या आतला सुमारे एक किलो-ओहमचा रोध त्यात मिसळायचा. चार्जरला वाटायचं की हेडफोनसारखं काहीतरी जोडलं आहे, आणि तो वीज देत नसे. म्हणजे महागडी केबल लावली की बोर्ड बंद, स्वस्त लावली की सुरू. पुढच्या आवृत्तीत हा दोष काढला गेला.

याहून धोकादायक चूक केबलमधली. ए-टू-सी केबलच्या सी टोकात ५६ किलो-ओहमचा रेझिस्टर असायला हवा. पलीकडचा ए पोर्ट कसा असेल याची खात्री नसते, म्हणून फोनला साधीच ऐपत कळली पाहिजे, हा त्यामागचा विचार. २०१५ च्या सुमारास बाजारात आलेल्या कित्येक केबलमध्ये ५६ ऐवजी १० किलो-ओहमचा रेझिस्टर होता. त्याचा अर्थ फोन लावतो, 'तीन अँपिअर घे.' पलीकडे जुन्या लॅपटॉपचा अर्ध्या अँपिअरचा पोर्ट असला तर तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो. गूगलमधले अभियंते बेन्सन लिउंग यांनी त्या काळात केबलमागून केबल विकत घेऊन तपासल्या आणि निकाल जाहीर केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलमध्ये वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा तपासणीचा लॅपटॉप त्यात निकामी झाला. आज नावाजलेल्या कंपन्यांच्या केबलमध्ये असं सापडणं दुर्मीळ आहे. फुटपाथवर ढिगाने मिळणाऱ्या केबलबद्दल मी तसं म्हणणार नाही.

इथवरची सगळी गोष्ट ५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅटपर्यंतची. त्यापुढे पॉवर डिलिव्हरी लागते, बोलीभाषेत पीडी. त्याच सीसीच्या तारेवर आता अंकी संदेश धावतात, सेकंदाला सुमारे तीन लाख बिटांच्या वेगाने. चार्जर यादी पाठवतो: माझ्याकडे ५ व्होल्टला ३ अँपिअर आहेत, ९ ला ३, १५ ला ३, २० ला सव्वातीन. फोन किंवा लॅपटॉप त्यातली एक ओळ निवडून मागणी कळवतो. चार्जर ती मान्य करतो, व्होल्टेज वाढवतो आणि 'तयार' म्हणून कळवतो. मानकाच्या भाषेतही याला करारच म्हणतात. करार होईपर्यंत ५ व्होल्टच्या पुढे जायचं नाही, हा नियम आहे.

म्हणून "लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर फोनला लावला तर फोन जळेल का?" या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. चार्जर चांगला असेल तर फोन मागेल तेवढंच मिळेल. खरी अडचण उलट दिशेला आहे. २० वॅटचा फोनचा चार्जर बहुतेक वेळा ५ आणि ९ व्होल्टच देतो, आणि पुष्कळ लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात. मग लॅपटॉप 'स्लो चार्जर' अशी सूचना दाखवतो किंवा चार्ज व्हायलाच नकार देतो. दोन तोंडांच्या ६५ वॅटच्या चार्जरवरही नीट नजर टाकायला हवी. ६५ हा आकडा एकाच तोंडाचा असतो. दुसऱ्या तोंडात फोन लावला की वाटणी होते, उदाहरणार्थ ४५ आणि २०, आणि लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा सुरू होतं. तो बिघाड नव्हे, नवा करार होत असतो. ही वाटणी चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेली असते. विकत घेण्याआधी मोबाइलचा कॅमेरा झूम करून ती वाचावी.

व्होल्टेज वाढवायचंच कशाला, हे आकड्यांत बघणं चांगलं. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते) रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटर केबलचा रोध ०.१७ ओहम धरू. ६० वॅट ५ व्होल्टने न्यायचे तर १२ अँपिअर लागतील, आणि तारेतच सुमारे २४ वॅटची उष्णता होईल. तेच ६० वॅट २० व्होल्टने नेले तर ३ अँपिअर पुरतात आणि तारेत दीड वॅट जातो. आता हीच केबल स्वस्त करण्यासाठी २८ गेजची बारीक तार घातली, तर रोध ०.४३ ओहमवर जातो. ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरवर सव्वा व्होल्ट केबलच खाते. फोनपर्यंत पावणेचार व्होल्ट पोहोचतात, बॅटरी भरायला ते पुरत नाहीत, मग फोन प्रवाह कमी करतो. केबल बाहेरून जाडजूड, वर नायलॉनची वीण, आणि आत केसासारख्या तारा, हा प्रकार सर्रास आढळतो. मानकाने टाइप-सी केबलमध्ये विजेच्या तारेत अर्ध्या व्होल्टपेक्षा आणि ग्राउंडच्या तारेत पाव व्होल्टपेक्षा जास्त घट चालणार नाही असं सांगितलं आहे.

केबलच्या वॅटचं गणितही इथेच लागतं. ओळखचिप नसलेली, पण नीट बनवलेली सी-टू-सी केबल ३ अँपिअर नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. ५ अँपिअर हवे असतील तर टोकात ई-मार्कर नावाची चिप असावी लागते. ती चार्जरला सांगते की आपण ५ अँपिअर झेपवू शकतो. सीसीची जी दुसरी पिन रिकामी राहते, तिच्यावरून या चिपला वीज मिळते. म्हणूनच ६५ वॅटच्या लॅपटॉपला ६० वॅटची केबल लावली की चार्जर ३ अँपिअरवर थांबतो. फरक पाच वॅटचाच असल्यामुळे तो क्वचितच कुणाच्या लक्षात येतो. १४० वॅटच्या लॅपटॉपला मात्र तो ठळकपणे जाणवतो. मे २०२१ मध्ये मानकात २८, ३६ आणि ४८ व्होल्टची भर पडली. ५ अँपिअरशी गुणलं की १४०, १८० आणि २४० वॅट होतात. त्यामुळे आज ५ अँपिअरची नवी केबल घ्यायची झाली तर २४० वॅट लिहिलेलीच घ्यावी. १०० वॅट लिहिलेला जुना माल अजून दुकानांत आहे. तो वाईट नाही, पण भाव सारखाच असेल तर जुना घेण्यात अर्थ नाही.

काही फोन कंपन्यांची स्वतःची जलद चार्जिंगची पद्धत असते. त्यातला एखादा ६५ वॅटचा फोन १० व्होल्ट आणि साडेसहा अँपिअर घेतो, आणि त्यासाठी त्याच कंपनीचा चार्जर व जाड तारांची केबल दोन्ही लागतात. दुसऱ्या चांगल्या पीडी चार्जरवर तोच फोन १५ किंवा १८ वॅटवर येतो. याचा अर्थ फोनची किंवा चार्जरची खराबी असा होत नाही. दुसरीकडे सॅमसंगसारखे फोन पीडीतल्याच पीपीएस या सोयीवर चालतात. तिच्यात फोन दर थोड्या वेळाने २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज मागतो, त्यामुळे फोनच्या आतली उष्णता कमी होते. अशा फोनसाठी चार्जर घेताना 'पीडी आहे का?' एवढं विचारून भागत नाही. 'पीपीएस आहे का आणि कुठल्या व्होल्टपर्यंत?' असं विचारावं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर चार्जरवरची 'आउटपुट'ची ओळ वाचावी. ३.३ ते ११ व्होल्ट असा पट्टा दिसला की पीपीएस आहे.

डेटाचा विषय वेगळा आहे, आणि सर्वांत जास्त फसगत इथे होते. फोनसोबत येणारी सी-टू-सी केबल बहुधा चार्जिंगपुरती असते. तिच्यात वेगवान डेटाच्या तारा नसतात, फक्त यूएसबी २.० च्या दोन तारा असतात, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात ३५ ते ४० मेगाबाइट मिळतात. ५ जीबीची फाइल न्यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. १० गिगाबिटची केबल, तसाच पोर्ट आणि चांगली एसएसडी असेल तर तेच काम पाच-सहा सेकंदांत होतं. २४० वॅटची केबलही यूएसबी २.० चीच असू शकते, कारण वॅट आणि वेग यांचा एकमेकांशी संबंध नाही. वेग फोनच्या पोर्टवरही अवलंबून असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनला टाइप-सी मिळालं, तेव्हा साध्या आयफोन १५ चा पोर्ट ४८० मेगाबिटचा आणि १५ प्रोचा १० गिगाबिटचा होता. तोंडं अगदी सारखी.

नावांनी या गोंधळात भर घातली, याबद्दल मानक ठरवणाऱ्या संस्थेला दोष दिलाच पाहिजे. २००८ चं यूएसबी ३.० नंतर ३.१ जेन १ झालं, पुढे ३.२ जेन १ झालं, आणि वेग तोच राहिला, ५ गिगाबिट. २०२२ पासून त्यांनी खोक्यावर आणि केबलवर सरळ आकडे छापायला सांगितलं आहे: ५, १०, २०, ४० गिगाबिट आणि ६० किंवा २४० वॅट. ही सुधारणा योग्य आहे, फक्त उशिरा आली. ऑक्टोबर २०२२ च्या यूएसबी४ आवृत्ती २.० मध्ये वेग ८० गिगाबिटपर्यंत गेला. घरच्या वापराला त्याची गरज नाही.

चित्र टीव्हीवर किंवा मॉनिटरवर न्यायचं असेल तर तीन गोष्टी लागतात. लॅपटॉप किंवा फोनच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द स्पष्ट असावा, केबलमध्ये वेगवान तारा असाव्यात, आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर असावा. चार्जिंगच्या केबलने हे होत नाही. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असले तर दोन्हीतून चित्र जाईल असंही नसतं. पोर्टजवळचं चिन्ह बघावं.

लांबीचा मोह टाळावा. बेडपासून प्लगपर्यंत पोहोचावी म्हणून तीन मीटरची केबल घेतली जाते. चार्जिंगपुरती ती चालेल, पण वेग हवा असेल तर एका मीटरच्या आतच राहावं. ४० गिगाबिटची साधी केबल ८० सेंटिमीटरपर्यंतच असते. एका टोकाला प्लग आणि दुसऱ्या टोकाला तोंड असलेली टाइप-सी एक्स्टेन्शन मानकात बसतच नाही. चार्जरला फक्त मूळ केबलची ओळख वाचता येते. मध्ये जोडलेला बारीक तारांचा तुकडा त्याला दिसत नाही, आणि तो त्यातून ५ अँपिअर सोडतो. चुंबकाने चिकटणाऱ्या टोकांचंही तेच. त्यांत पिना कमी असतात आणि संपर्क उघडे असतात, त्या उघड्या संपर्कांवर २० व्होल्ट येऊ देणं बरं नाही.

आता आपल्या नागपूरच्या हवेचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की 'चार्जर स्लो झाला' म्हणून फोन दुकानात येतात. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच चार्ज करायच्या असतात. फोन स्वतःचं तापमान मोजतो आणि वर गेलं की प्रवाह कमी करतो किंवा थांबवतो. बाहेरच ४४ अंश असताना, गाडीच्या हँडलवर उन्हात नकाशा चालू ठेवून, कव्हरसकट फोन चार्ज करायला लावला तर कोणताही चार्जर काही करू शकत नाही. कव्हर काढा, सावलीत ठेवा, पंख्याखाली ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. त्या हवेत पाण्याचा अंश असतो, आणि तोंडातल्या विजेच्या पिनेशेजारीच, अर्ध्या मिलिमीटरवर, सीसीची पिन आहे. ओलावा आला की दोन्हींमध्ये गळती होते, पिना हिरव्या-काळ्या पडतात, आणि सीसी खराब झाली की ओळख पटेनाशी होते. पावसाळ्यात फोनने ओलाव्याची सूचना दाखवली तर केबल काढून फोन तोंड खाली करून ठेवावा आणि काही तास वाट बघावी. तांदळात खुपसू नये, त्याची पूड तोंडात जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

धुळीचा त्रास त्याहून जास्त. खिशातलं सूत आणि धूळ तोंडात साचते, प्रत्येक वेळी प्लग तिला मागे दाबत जातो आणि तळाशी नमद्यासारखा थर बसतो. मग प्लग पूर्ण आत जात नाही, हलवला की चार्जिंग तुटतं, आणि लोक जॅक बदलायला सांगतात. आधी बघावं की प्लगचं प्लास्टिक आणि फोनचं अंग यांत नेहमीपेक्षा जास्त फट राहते का. राहत असेल तर फोन बंद करावा, लाकडी टूथपिक तासून चपटी करावी आणि जिभेच्या वरच्या व खालच्या मोकळ्या जागेतून, जिभेवर जोर न देता, कचरा हळूच बाहेर ओढावा. सुई, सेफ्टी पिन, सिम काढायची पिन वापरू नये. कचऱ्यामुळे सैल पडलेला संपर्क तापतो देखील. संपर्कात ०.१ ओहमचा रोध आला आणि ३ अँपिअर वाहिले, तर जवळजवळ एक वॅट उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत तयार होते. प्लगची टोकं पिवळी-तपकिरी झाली असतील तर ती केबल टाकून द्यावी.

पकडणाऱ्या स्प्रिंगा टाइप-सीमध्ये फोनच्या तोंडात नसतात, केबलच्या प्लगमध्ये असतात. झिजायची ती वस्तू स्वस्त भागात टाकलेली आहे, हा रचनाकारांचा मोठा शहाणपणा. म्हणून सैल लागत असेल तर साफसफाईनंतर दुसरी नवी केबल लावून बघावी, आणि मगच दुरुस्तीला जावं. एका बाजूने लावलं तर चार्ज होतं, प्लग उलटा केला की होत नाही, असं असेल तर एक सीसी पिन किंवा तिचा संपर्क गेला आहे. हे लक्षण कारागिराला आवर्जून सांगा, त्याचा अर्धा तास वाचेल. तोंड बदलावं लागलंच तर मूळ २४ पिनांचं असेल त्या जागी १६ पिनांचं बसवू देऊ नका. १६ पिनांच्या तोंडात वेगवान डेटाच्या पिना नसतात. चार्जिंग चालू होतं, पण मॉनिटर आणि जलद कॉपी कायमची जाते, आणि ते महिन्याभराने लक्षात येतं.

घरच्या घरी तपासणी करायची असेल तर व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा छोटा यूएसबी मीटर घ्यावा, दोन्हीकडे टाइप-सी असलेला. फोन २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असताना मोजावं, कारण ८० टक्क्यांच्या पुढे फोन स्वतःच प्रवाह उतरवतो. चार्जर तोच ठेवून केबल बदलत जावी. ९ व्होल्ट दिसले की करार झाला. ५ वरच अडकले तर करार झाला नाही, आणि चार्जर, केबल, फोन या तिघांत कोण अडलं ते एकेक बदलून लगेच सापडतं.

प्रवासाची एक गोष्ट. रेल्वेच्या बहुतेक डब्यांतल्या चार्जिंग पॉइंटला ११० व्होल्टचा पुरवठा असतो. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर जायचं असेल तर चार्जरवर 'इनपुट १००-२४०' लिहिलं आहे का ते घरीच बघून घ्यावं. ज्यांवर १८०-२४० असतं, ते गाडीत चालतील याचा भरवसा नाही.

सरकारी बाजूने भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएस/आयईसी ६२६८०-१-३ : २०२२ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध केलं. मानक प्रसिद्ध होणं आणि ते सक्तीचं होणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. युरोपने सक्ती केली: २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन वगैरेंना टाइप-सी, आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. त्यांच्या कायद्यातली मला पटलेली अट पुढची आहे. १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या उपकरणाला पीडी आलंच पाहिजे, आणि ग्राहकाला चार्जरशिवाय उपकरण विकत घेता आलं पाहिजे. म्हणजे आकारासोबत कराराची भाषाही एक केली. आपल्याकडे चार्जरच्या अडॅप्टरला मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहेच. त्यावर 'आर' अक्षरापासून सुरू होणारा क्रमांक असतो. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं हे काम आहे. क्रमांक निघालाच नाही किंवा भलत्याच कंपनीचा निघाला तर चार्जर परत ठेवावा, कारण २३० व्होल्ट आणि तुमचा हात यांच्यामध्ये त्या डबीतलं इन्सुलेशनच असतं.

घरातल्या जुन्या चार्जरांचा ढीग उपसताना सगळंच काढून टाकू नये. एक चांगला यूएसबी-ए चार्जर आणि एक ए-टू-सी केबल ठेवावी, रेझिस्टर नसलेल्या टॉर्च आणि ट्रिमरला ती लागेलच. मायक्रोवर चालणारं उपकरण घरात असेल तर त्याची एक केबल ठेवावी. बाकीच्या केबल तांब्यासाठी जाळणाऱ्याच्या हाती जाऊ नयेत, त्या आवरणातल्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो. ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्रावर त्या देता येतात. चार्जर आणि पॉवर बँक मात्र वेगवेगळ्या पिशव्यांत द्याव्यात, कारण पॉवर बँकेत लिथियम सेल असतात, आणि फुगलेली पॉवर बँक वजनाखाली दाबली गेली तर पेट घेते.